निंदेपुढच्या तीन वाटा

इंग्रजी भाषेत 'टेक द हाय रोड' असा एक वाक्प्रचार आहे. वर्तमानपत्रांत, कचेरीच्या पत्रव्यवहारात आणि परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांच्या बोलण्यात तो हल्ली आपल्या कानांवर वरचेवर पडतो. कोणी चारचौघांत पाणउतारा केला किंवा पाठीमागे निंदा केली, की हितचिंतक मंडळी हाच सल्ला देतात. समोरचा हलकेपणाने वागला तरी आपण हलके होऊ नये, एवढा त्याचा ढोबळ अर्थ सर्वांना ठाऊक असतो. परंतु प्रसंग येऊन ठेपला म्हणजे हा ढोबळ अर्थ अपुरा पडतो. हलके होऊ नये हे खरे. पण मग करावे काय? गप्प बसावे? क्षमा करून मोकळे व्हावे? की आपण किती थोर आहोत हे त्याला दाखवून द्यावे? या तिन्ही गोष्टी या वाक्प्रचाराच्या नावावर खपतात, आणि माझ्या मते तिन्हींचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. त्याचा खरा अर्थ समजून घ्यायचा तर आधी शब्दांची थोडी झडती घ्यावी लागेल, आणि मग कल्याणच्या एका मुलीची गोष्ट ऐकावी लागेल.

प्रथम 'हाय' हा शब्द पाहू. आपण त्याचा अर्थ 'उंच' असा करतो आणि तिथेच फसतो. उंचावरून जाणारा रस्ता अशी कल्पना केली की त्यावरून चालणारा आपोआप वर जातो आणि बाकीचे सगळे त्याच्या पायांखाली येतात. पण इंग्रजीत 'हाय' म्हणजे 'मुख्य' असाही एक जुना अर्थ आहे. हायकोर्ट काही डोंगरावर भरत नाही; ते मुख्य न्यायालय म्हणून हायकोर्ट. इंग्लंडातल्या गावोगावच्या 'हाय स्ट्रीट' टेकडीवर नसतात. त्या गावातल्या मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याला म्हणतात. 'हायवे' हा शब्द तर आता आपल्याही तोंडात बसला आहे. तेव्हा 'हाय रोड' म्हणजे उंच रस्ता नव्हे. तो हमरस्ता, राजरस्ता. ठाण्यावरून नाशिककडे जाणारा जुना आग्रा रस्ता हा आपल्याकडचा हाय रोड.

राजरस्ता म्हटले की चित्र पार पालटते. राजरस्त्याचे गुण कोणते? एक, तो उघडा असतो; त्यावरून चालणारा सर्वांना दिसतो. दोन, तो कुणा एकाच्या मालकीचा नसतो. आपल्याला जितका हक्क तितकाच शेजारच्यालाही. आणि तीन, तो कुठेतरी जाऊन पोचतो. हे तीन गुण ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचा उपयोग होईल.

या वाक्प्रचाराची काही भावंडे आहेत, आणि त्यांच्याशी त्याची गल्लत होते. 'हाय हॉर्स' म्हणजे उंच घोडा. 'तो आपल्या उंच घोड्यावर बसला आहे' असे इंग्रज म्हणतो तेव्हा तो स्तुती करीत नसतो. माणूस शिष्टपणाने वागतो आहे, एवढेच त्याला सुचवायचे असते. 'मॉरल हाय ग्राउंड' हा शब्द रणांगणाची आठवण देतो. उंच जागा ज्याच्या ताब्यात, त्याचे पारडे जड, हे मलंगगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. नैतिक उंचवटा बळकावून खालच्यांवर उपदेशाचे गोळे टाकणे हा त्या शब्दाचा नेहमीचा उपयोग. 'दुसरा गाल पुढे करणे' हा बायबलमधला उपदेश. तो सहनशीलतेचा आणि तिच्याही पलीकडचा आहे. आणि अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे २५ जुलै २०१६ रोजी फिलाडेल्फिया शहरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिशेल ओबामा यांनी केलेले भाषण. प्रतिपक्ष खाली उतरला तर आपण आणखी वर जायचे, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य जगभर गाजले. तिथेही पुष्कळांनी त्याचा अर्थ 'उत्तर देऊ नका' असा केला. पुढे काही वर्षांनी तेच वाक्य भाबडेपणाचे म्हणून त्याची थट्टाही झाली. अर्थ चुकला की सल्लाही निकामी ठरतो, तो असा.

आता आपल्या भाषेकडे वळू. 'उंच रस्ता धरला' असे मराठीत कोणी म्हणणार नाही. म्हटले तर ऐकणाऱ्याला घाटाचा रस्ता वाटेल. पण मराठीजवळ या अर्थाचे शब्द नाहीत असे मात्र नाही. 'पायरी सोडून बोलणे', 'तोल जाणे', 'जिभेला हाड नसणे' या शब्दांनी आपण खाली घसरलेल्या माणसाचे वर्णन करतो. चिखलात दगड टाकला तर शिंतोडे आपल्याच अंगावर उडतात, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी बजावलेले असते. दुसऱ्या बाजूला 'जशास तसे' आणि 'अरेला कारे' हीही मराठीच. पण सर्वांत उपयोगी शब्द मला सापडले ते वाटांचे. आडवाट, पळवाट आणि राजरस्ता. निंदा समोर आली म्हणजे माणसापुढे या तीनच वाटा असतात. निंदकाच्या मागोमाग शिव्यांच्या झुडपात शिरणे ही आडवाट. 'मला काय त्याचे' म्हणून आपले म्हणणे आणि आपले काम दोन्ही टाकून निघून जाणे ही पळवाट. बाहेरून ती सभ्य दिसते, म्हणून तिलाच पुष्कळदा राजरस्ता समजले जाते. तिसरी वाट कशी असते हे सांगण्यापेक्षा ती कोण कशी चालून गेले हे पाहणे अधिक सोपे.

आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५चा; माहेरचे नाव यमुना. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आदल्याच वर्षी, १८६४ साली, स्थापन झाले होते, आणि कल्याणला आगगाडी येऊनही दहाअकरा वर्षे लोटली होती. नवे जग गावाच्या वेशीत आले होते, पण घराघरांतल्या मुलींपर्यंत ते पोचायचे होते. १८७४ साली, नवव्या वर्षी, त्यांचे लग्न टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर आणि वयाने कितीतरी मोठे. बायकोला शिकवायचेच हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. आपल्या बायकांना बायकांच्या हातचे औषधपाणी मिळाले पाहिजे, ही ओढ त्यानंतर त्यांच्या मनात घट्ट झाली. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी पत्रांतून स्नेह जुळला आणि अमेरिकेत जाऊन वैद्यक शिकण्याचे ठरले.

गोपाळरावांची बदली त्या वेळी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे होती. एका हिंदू स्त्रीने, नवरा बरोबर नसताना, समुद्र ओलांडून परदेशी जावे, हे ऐकून गहजब उडाला. घरी येऊन लोक बोलत, वाटेत बोलत, पत्रांतून लिहीत. अशा वेळी त्या बाईने काय करावे? वाटेल ते बोलणाऱ्यांना दोन खरमरीत शब्द सुनावता आले असते, किंवा कोणाला न कळवता गुपचूप बोटीत बसता आले असते. त्यांनी यांतले काहीच केले नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत भाषण केले. वयाची अठरा वर्षे पुरी व्हायची होती.

त्या भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. लोक आपल्याला जे विचारतात त्यांतले सहा प्रश्न त्यांनी निवडले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेतच का जाता? इथे शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? तिकडे काही संकट ओढवले तर? आणि जे आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? यांतला एकेक प्रश्न मुळात टोमण्याच्या रूपाने आलेला असणार. आनंदीबाईंनी त्यातला टोमणा बाजूला काढला आणि प्रश्न तेवढा ठेवला. निंदेच्या पोटात पुष्कळदा एखादा खरा प्रश्न असतो. टरफल फेकून दाणा घ्यावा तसा तो वेगळा काढता आला पाहिजे. राजरस्त्यावरचे हे पहिले पाऊल.

पण टोमणे त्यांनी लपवले काय? मुळीच नाही. इथे शिकण्याची सोय का नाही, हे सांगताना रस्त्यात सोसलेले सगळे त्यांनी सभेपुढे मांडले. मुंबईत हातात पुस्तके घेऊन पायी शाळेत जाताना लोकांनी खिडकीतून डोकी बाहेर काढण्याची 'मेहेरबानी' कशी केली, कोणी गाड्या कशा थांबवल्या, बूटमोजे घातलेली ही कोण बाई म्हणून मोठ्याने कसे हसले, हे त्यांनी सांगितले. ओसरीवर बसणाऱ्या प्रतिष्ठितांनी खडे मारले, दुकानदार त्यांना पाहून थुंकले, सांगता येणार नाहीत असे हावभाव केले, हेही सांगितले. कोणाचे नाव घेतले नाही आणि एकही अपशब्द वापरला नाही. 'मेहेरबानी'सारख्या शब्दात किंचित हसणे आहे, तेवढेच. झाल्या गोष्टीचे खरे वर्णन करणे म्हणजे खाली उतरणे नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. राजरस्ता उघडा असतो असे वर म्हटले, त्याचा अर्थ हा. जे घडले ते उजेडात ठेवायचे.

जातीबहिष्काराच्या प्रश्नाला दिलेले उत्तर या सगळ्यावर ताण आहे. आपण जसे इथे राहतो तसेच तिथे राहणार, खाणे-नेसणे बदलणार नाही, हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणून परत येणार, असे त्यांनी सांगितले. आणि एवढ्यावरही कोणाला बहिष्कार घालायचा असेल तर परत येण्याची वाट कशाला पाहता, तो आत्ताच घाला, तुम्ही मोकळे आहात, असेही सांगितले. या उत्तरात राग नाही आणि विनवणीही नाही. समोरच्याचा अधिकार त्याच्याकडे, आपला निश्चय आपल्याकडे. सहाव्या प्रश्नाला त्यांचे म्हणणे असे होते, की जे सर्वांच्या हिताचे वाटते ते घडवून आणण्याचा यत्न प्रत्येकाने स्वतःपासून करावा.

भाषणानंतर दीड महिन्याच्या आत, ७ एप्रिल १८८३ रोजी, त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. दिलेला शब्द त्यांनी पाळला. फिलाडेल्फियाच्या थंडीतही साडी आणि शाकाहार सोडला नाही. ज्या शहरात पुढे एकशेतीस वर्षांनी ते गाजलेले वाक्य उच्चारले गेले, त्याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने ग्रासलेले शरीर साथ देईना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

याच घरात आडवाटेचा दाखलाही आहे. गोपाळराव हे मोठे करारी गृहस्थ. त्यांच्या हट्टावाचून हे काहीच घडले नसते. पण लोकांची खोडी काढण्यात त्यांना विलक्षण गोडी. १८९० साली पुण्यातल्या नामांकित मंडळींना त्यांनी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमवले, तिथे चहा पुढे आला, आणि मागाहून उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली. रानडे, टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. समाजाचा दुटप्पीपणा त्यातून उघडा पडला हे खरे. पण त्या प्रकरणातून एकही शाळा उघडली नाही की एकही रोगी बरा झाला नाही. आडवाट मौजेची असते. ती पोचत मात्र कुठे नाही.

आनंदीबाईंनी खुद्द नवऱ्यालाही याच रीतीने उत्तर दिले आहे. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जुन्या गोष्टींचा हिशेब मांडला. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, हे सगळे त्यांनी लिहिले. त्यामागचा हेतू पाहता ते बरोबर वाटले तरी न्यायाने पाहता ते चूकच होते, असाही निर्वाळा दिला. उपकार विसरल्या नाहीत आणि अन्यायही झाकला नाही. एका वाक्यात दोन्ही ठेवायला फार मोठे बळ लागते. मोठ्या मनाने वागणे म्हणजे झाले ते झालेच नाही असे समजणे, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी या पत्राचा विचार करावा.

इथे एक शंका येईल. दर वेळी सभागृह मिळत नाही, आणि दर निंदेला भाषणाने उत्तर देता येत नाही. खरे आहे. डोंबिवलीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या सावित्रीबाई फुले १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवायला जाऊ लागल्या, तेव्हा वाटेत लोक त्यांच्यावर चिखल आणि शेण टाकीत. म्हणून त्या एक जादा साडी जवळ ठेवीत आणि शाळेत पोचल्यावर बदलीत, असे सांगतात. इथे शब्दाने उत्तर नाही. पण शाळा भरत राहिली. मौन आणि पळवाट यांतला फरक ओळखायची खूण हीच. गप्प राहिल्याने काम चालू राहिले तर ते मौन राजरस्त्याचे. काम थांबले तर ती पळवाट.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. 'पायरी सोडू नका' हा उपदेश दुबळ्यालाच का करतात? मराठीत 'पायरी सोडू नये' याच्या शेजारीच 'पायरी ओळखून राहावे' असाही वाक्प्रचार नांदतो. पहिल्यात माणसाने स्वतःचा मान राखायचा असतो. दुसऱ्यात दुसऱ्याने नेमून दिलेल्या जागी बसायचे असते. पहिल्याच्या नावाखाली दुसरा शिकवणारे लोक पुष्कळ. त्यांना महाडने उत्तर दिले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले होते. पण तळ्यावर जाण्याची सोय कागदावरच राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह शांतपणे भर रस्त्याने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर परिषदेच्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. उलट मारायला माणसे कमी नव्हती, डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले. पण हक्क सोडला नाही. तळे खाजगी असल्याचा दावा प्रतिपक्षाने लावला तो त्यांनी कोर्टात लढवला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या हायकोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. हात आवरला होता, मागणी आवरली नव्हती. 'हाय रोड'चा याहून अचूक अर्थ मला ठाऊक नाही.

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे येऊ. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एखादा सभासद खजिनदाराला म्हणतो, 'पैसे खाल्ले.' खजिनदाराने त्याच्या थकलेल्या वर्गणीचा पाढा वाचला तर ती आडवाट. तिथल्या तिथे राजीनामा फेकून घरी गेला तर पळवाट; कारण हिशेब तसाच राहिला आणि संशयही. 'वह्या टेबलावर आहेत, कोणत्या रकमेविषयी विचारता ते सांगा. आणि हा आरोप इतिवृत्तात नोंदवून घ्या,' असे शांतपणे म्हटले तर तो राजरस्ता. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरून चालणारी भांडणे असोत की मोबाइलवरच्या गटात रात्री अकराला आलेला झोंबरा मजकूर असो, कसोटी तीच. यात खरा प्रश्न आहे काय? असला तर त्याचे उत्तर सर्वांदेखत देता येईल काय? आणि दिल्यावर आपले काम पुढे चालणार आहे काय?

वाक्प्रचार वापरण्याविषयी दोन शब्द. इंग्रजीत तो बहुधा दुसऱ्याविषयी वापरणे शोभते. स्वतःच 'मी हाय रोड घेतला' असे पत्रात लिहिले, की लिहिणारा रस्ता सोडून उंच घोड्यावर चढलेला असतो. अन्याय सोसणाऱ्याला तो सल्ला म्हणून देताना त्याचा हक्क मिळवून द्यायला आपण त्याच्या बाजूला उभे राहणार आहोत काय, हे आधी स्वतःला विचारावे. आणि मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवू नये. 'त्यांनी पायरी सोडली नाही', 'तोल जाऊ दिला नाही', 'मुद्द्याचे तेवढे बोलल्या', असे प्रसंगानुसार म्हणावे. 'मोठ्या मनाने घेतले' हे भाषांतर मात्र जपून करावे. त्यात घेणे आहे, उत्तर देणे नाही.

कल्याणच्या त्या मुलीने हा इंग्रजी वाक्प्रचार कधी ऐकला होता की नाही, याला महत्त्व नाही. ज्यांनी खडे मारले त्यांची नावे तिने सांगितली नाहीत, म्हणून ती आज कोणाला ठाऊक नाहीत; तिला विचारलेले सहा प्रश्न मात्र उत्तरांसह शिल्लक आहेत. आपल्यावरही कधी ना कधी खडा येणारच. तो उचलून परत फेकण्याआधी त्याला गुंडाळलेला एखादा प्रश्न आहे काय एवढे पाहावे, असला तर चारचौघांत त्याचे उत्तर द्यावे, आणि जिथे निघालो होतो तिथे वेळेवर पोचावे.